जड होता तो घेतला

माझ्या वडिलांना कुठल्याही वस्तूवर भरवसा ठेवायचा असला की आधी ती ठोकून बघावी लागायची.

ते भिलाईला पोलादाच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते. हातात कायम एक लहान हातोडा. बोल्ट, चाक, जाड प्लेट, जे समोर येईल त्याला एक टोला द्यायचा आणि कान लावायचा. लोखंड आतून धड असलं की खणखणीत वाजतं, तडा गेलेला असला की आवाज बसतो. मग ते नुसतं म्हणायचे, "क्रॅक आहे," आणि ती वस्तू बाजूला निघायची. खात्यात त्यांच्या कानाला मान होता. दुसऱ्या कुणी यंत्र लावून तपासलेलं असलं तरी शेवटी यांना बोलावून ठोकून घ्यायचे, असं ते स्वतः सांगत. खरं असेल. कामाच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत.

घरी येताना हातोडा तिथेच राहायचा, पण सवय सोबत यायची. टरबूज, नारळ, माठ इथपर्यंत ठीक आहे, ते सगळेच ठोकून घेतात. बाबा दाराची फळी ठोकत, फरशी ठोकत, भरलेलं सिलेंडर आलं की त्याला बोटांच्या पेरांनी मारत, नवीन कुकर दुकानातच उलटा करून बडवत. आणि मग घरात आम्ही दोघी होतो, आई आणि मी. आम्हालाही ते ठोकून बघत. आमच्यातून कसला आवाज यायला हवा होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

लोकांना वाटतं, असा माणूस दारू पीत असणार. ते थेंबालाही शिवले नाहीत. सकाळी देवपूजा, शिफ्टला कधी एक मिनिट उशीर नाही, शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात सगळ्यात आधी उभे. पण भाजीत मीठ कमी पडलं, दार उघडायला वेळ लागला, मी उलट बोलले, किंवा यातलं काहीच झालं नाही, तरी उजवा हात उठायचा. गालावर, कानावर, पाठीत. आई खाली बसली की लाथ. एकदा त्यांनी तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं आणि भुवईवर टाके पडले. तिने डॉक्टरला सांगितलं, "बाथरूममध्ये पडली." हे वाक्य तिला इतकं पाठ होतं की मराठीत, हिंदीत आणि समोरच्या बाईसाठी छत्तीसगढीत ती ते न अडखळता म्हणायची. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरातल्या क्वार्टरांच्या भिंती सामायिक असतात. पलीकडे सगळं ऐकू जायचं, आणि पलीकडचे लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे.

माझ्याही हाताला ती चव लागलेली होती, हे आधीच सांगून टाकते. आठवीत असताना वर्गातली एक मुलगी माझ्या घरच्या बोलीची नक्कल करून हसली. "मले दे, तुले घे," असं ती नाचत म्हणत होती. मी स्टीलचा डबा तिच्या तोंडावर हाणला. तिचा पुढचा दात अर्धा तुटला. शाळेत बाबांना बोलावलं. ते बाईंसमोर हात जोडून उभे राहिले आणि परत येताना त्यांनी स्कूटर थांबवून मला गरम जलेबी खाऊ घातली. "पोरगी माझी आहे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला, आणि स्वतःचाही. रक्त माझ्या डब्याच्या झाकणाला लागलेलं होतं. आईने ते राखेने घासलं आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढे मी डिप्लोमा केला, ड्रॉइंग शिकले, आणि पुण्याच्या एका लहान कंपनीचं काम मिळालं. घरी बसून करायचं. कारखान्यांच्या लोखंडी शेड असतात ना, त्यांचं कॉम्प्युटरवर पूर्ण मॉडेल बनवायचं. एकेक खांब, एकेक बोल्ट, फिरवून सगळ्या बाजूंनी दिसेल असं. तीन महिने चाचणी, जमलं तर नोकरी पक्की. त्यांनी एक यादी पाठवली होती. लॅपटॉप कुठलाही चालणार नाही, प्रोफेशनल मॉडेल हवं, ज्यात चित्र फिरवायला वेगळं कार्ड असतं. साध्या मॉडेलवर मोठं काम अडकतं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्या यादीवर काय अवलंबून होतं ते फक्त आईला आणि मला माहीत होतं. नोकरी पक्की झाली की आम्ही दोघींनी घर सोडायचं. हे आम्ही कणीक मळता मळता ठरवलं. तिचा खालचा ओठ तेव्हा सुजलेला होता. मी म्हटलं, "आई, पक्की झाली की निघू." तिने कणकेचा गोळा उलटवला आणि ती म्हणाली, "निघू."

लॅपटॉप बाबांनीच घेऊन द्यायचं कबूल केलं, आणि ते त्यांनी आनंदाने केलं. याचं मला आजही आश्चर्य वाटतं. शिफ्टमध्ये ते सगळ्यांना सांगून आले होते. "आमी शेड उभी करतो, माझी पोरगी थिचा नक्शा काढते. पुण्याच्या कंपनीत." रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला स्कूटरवर मागे बसवून पावर हाउस भागातल्या बाजारात नेलं. ज्या माणसाला सोडून जायचं मी ठरवलं होतं, त्याच्याच पाठीला धरून मी निघाले होते. मला वाईट वाटलं का? नाही. मला घाई झाली होती.

दुकानदाराने दोन लॅपटॉप काउंटरवर ठेवले. एकाच बनावटीचे, एक स्टँडर्ड आणि एक प्रो. स्टँडर्ड काळा, जाड, कडा बोथट. प्रो राखाडी, पातळ, धातूचा. मी यादी काढून दाखवली. दुकानदार म्हणाला, "मॅडम को तो प्रो ही लगेगा. ड्रॉइंग का काम है, स्टँडर्ड हँग हो जाएगा." मी मान हलवली. मला वाटलं, झालं.

बाबांनी यादीकडे बघितलंच नाही. त्यांनी उजव्या तळव्यावर स्टँडर्ड ठेवला, डाव्यावर प्रो, आणि डोळे मिटून उभे राहिले. मी ओळखलं. प्लांटमध्ये दोन तुकड्यांतला कुठला भरीव ते ते असंच सांगायचे. काळ्याने त्यांचा उजवा हात जरा खाली गेला. त्यांनी डोळे उघडले.

"इस में माल किधर है?" त्यांनी प्रो पुढे करून विचारलं.

"अंकलजी, आजकल हल्का ही महँगा आता है."

"हल्का महँगा? लोहे की दुकान में बोलोगे तो लोग हँसेंगे."

मग त्यांनी पेरांनी दोन्ही ठोकले. प्रो पातळ धातूचा, तो टण्ण वाजला. काळा ठप्प वाजला, नुसता बसका. मला वाटलं, देवच पावला. मी त्यांच्याच नियमाने त्यांना धरलं. म्हटलं, "बाबा, तुमीच म्हणता ना, वाजते थे धड असते? मग हा धड आहे. थो काळा पाहा, कसा बसका वाजून राहिला. तुमच्या हिशोबानं त्याच्यात क्रॅक आहे."

दुकानदार हसला. तो हसला नसता तर कदाचित वेगळं झालं असतं.

थप्पड कानावर बसली. माझा चष्मा काउंटरच्या काचेवर जाऊन पडला आणि कान कितीतरी वेळ वाजत राहिला. शेजारी एक माणूस माऊस बघत होता, तो माऊस बघतच राहिला. दुकानदाराने मान खाली घालून बिलबुकाचं पान उलटलं. बाबा त्याच आवाजात म्हणाले, "काला वाला पॅक करो."

परतताना खोका माझ्या मांडीवर होता. पावर हाउसच्या चौकात बस, ऑटो, हातगाड्या, सगळं एकमेकांत घुसलेलं. बाबा मान न वळवता बोलत होते. "वजन पाय त्याचं. शंभर खेप पडला तरी काई होत नाई. थो पातळ पत्रा कोन्या कामाचा? कोनाच्या डोक्यात घातला तर त्याचाच चेंदा होईल." मी मागे बसून त्यांना मनातल्या मनात तीन वेळा बसखाली ढकललं. तिसऱ्या वेळी चाक वरून गेल्याचा आवाजही ऐकला.

घरी आल्यावर त्यांनी पूजा मांडली. प्लांटमध्ये नवीन मशीन आलं की त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात आणि ते पाणी मशीनवर शिंपडतात, मगच बटण दाबतात. कित्येक टनांच्या मशीनला चार थेंबांनी काय होणार? बाबांनी पाटावर लॅपटॉप उघडून ठेवला, झाकणावर शेंदराचं स्वस्तिक काढलं आणि उंबऱ्यावर नारळ असा आपटला की करवंटीचा तुकडा उडून आईच्या गालात रुतला. तिने तो उपटून काढला आणि पदराने रक्त टिपलं. बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी अर्ध्या नारळातलं पाणी ओंजळीत घेऊन बटणांवर शिंपडलं, मनोभावे, मंत्र म्हणत. मी ओढणीने पुसायला धावले तर म्हणाले, "हात नको लावू, वाळू दे." लॅपटॉप चालू झाला, हा त्याचा मोठेपणा. पण त्यानंतर मोठं लांब बटण दाबलं की चिकटून बसायचं आणि नखाने उचकटावं लागायचं.

लहान कामं त्याच्यावर निभावली. छपरी, जिना, पंप हाउस. मॉडेल मोठं झालं की मात्र तो गरम व्हायचा, आतला पंखा घोंघावायला लागायचा, आणि पडदा आहे तिथे थिजायचा. मी टेबलावर मूठ मारायची. बाबा बाजूने जात असले तर झाकणाला दोन ठोसे द्यायचे आणि वर मलाच ऐकवायचे, "मशीन खराब नाई, चालवनारी खराब आहे." एकदा दोन दिवसांचं काम पुसलं गेलं तेव्हा मी स्वतःचाच हात दारात चेपून घेतला. मुद्दाम. कशावर तरी राग काढायचा होता आणि हाताशी दुसरं कुणी नव्हतं.

उपाय आईने शोधला. तिने पापड भाजायची जाळी लॅपटॉपखाली ठेवली, बाजूला उंबऱ्यात बसली आणि विणलेल्या पंख्याने खालून वारा घालायला लागली. रोज तासन् तास. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण काम सेव्ह होताना पडद्यावर जी पट्टी भरत जाते ती तिला वाचता यायला लागली. "किती झालं?" ती विचारायची. मी म्हणायची, साठ. ती वारा जोरात घालायची. शंभर झाले की पंखा खाली ठेवून उठायची आणि चहा टाकायची. त्या तीन महिन्यांत आम्ही जेवढ्या जवळ बसलो तेवढ्या आधी कधी बसलो नव्हतो.

चाचणीचं शेवटचं काम मोठं होतं. क्रेन चालणारी लांबच लांब शेड. संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायची होती. दुपारी दोन वाजता मॉडेल पूर्ण झालं आणि मी सेव्ह दाबलं. पट्टी सुरू झाली. लॅपटॉपचा पंखा आतून किंचाळत होता आणि आई बाहेरून वारा घालत होती.

बाबांची त्या आठवड्यात पहिली शिफ्ट होती. अडीचच्या सुमारास त्यांची स्कूटर वळणावर आली की आई तवा चढवायची. स्कूटर लागेपर्यंत पहिली पोळी ताटात. इतक्या वर्षांत चुकलं नव्हतं. त्या दिवशी आम्हाला स्कूटर ऐकूच आली नाही.

ते आत आले, हात धुतले, ताटावर बसले. ताट नव्हतं. आई पंखा हातात घेऊनच उठली. "बसा, दोन मिनिटात देते," म्हणाली.

त्यांनी तिच्या हातातून पंखा घेतला आणि दांड्याने मारायला सुरुवात केली. खांद्यावर, कोपरावर, ती वाकली तेव्हा मानेवर. दांडा मोडला. मग हात. मग तिचे केस धरून त्यांनी तिला भिंतीवर आपटलं आणि ती माझ्या खुर्चीच्या पायाशी पडली. ते म्हणत होते, "कावून नाई ऐकू आलं? कान गेले का? कान गेले का तुये?" आणि प्रत्येक प्रश्नाला कानावर एक.

पट्टी एक्क्याण्णव टक्क्यांवर होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी उठले नाही. मी पट्टीकडे बघत होते. ब्याण्णव. आईचा श्वास माझ्या पायाला लागत होता. आता मध्येच हलवलं तर सगळं जाईल, नोकरी जाईल, आणि मग आई आयुष्यभर मार खाईल, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरंही होतं. पण आई मार खात होती आणि मी आकडे मोजत होते, हेही खरं आहे. सत्त्याण्णववर पट्टी अडकली. मी तेव्हाही बसून राहिले. शंभर झाले, पडद्यावर सेव्ह झाल्याचं आलं, मी झाकण बंद केलं, वायर उपटली, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि वडिलांच्या पाठीत घातला.

ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य. मग उजवा हात उठला, लहानपणापासून ओळखीचा, बोटं जरा वाकलेली. मी लॅपटॉपची कड फिरवून त्या मनगटावर सगळ्या अंगाने हाणली.

आवाज बसका आला.

तो आवाज आम्हा तिघांत सगळ्यात आधी त्यांनी ओळखला. डाव्या हाताने मनगट धरून ते ताटाच्या जागेवर बसले, कान जरासा कलता केला, आणि कामावर सांगायचे त्याच सुरात म्हणाले, "क्रॅक आहे."

मला आनंद झाला. लपवून काय करू? जलेबी खाल्ली होती त्या दिवशी झाला होता तसाच, जिभेपर्यंत गोड. मी लॅपटॉप तिसऱ्यांदा वर उचलला. या वेळी डोकं समोर होतं, विरळ केसांचं, खाली वाकलेलं. आईने माझा पाय धरला नसता तर मी थांबले नसते. "बस झालं," ती खालून म्हणाली. तिच्या कानातून रक्त येत होतं. मग तिने विचारलं, "सेव झालं काय?"

म्हणजे तीही मोजत होती.

मी झाकण उघडलं. कोपऱ्याचा टवका उडाला होता, शेंदराच्या स्वस्तिकावरून एक चरा गेला होता, बिजागरी करकरली. पडदा उजळला. फाईल जागेवर होती. मी आधी फाईल पाठवली, मग ऑटो बोलावला.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. मी उत्तर देणार होते. पोलिसांत न्यायचं तर न्या, असं मी रस्ताभर ठरवून आले होते. पण बाबा चटकन बोलले.

"बाथरूम में गिर गया."

आईने त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांचं तिचं वाक्य त्यांनी तिच्यासमोर उचलून वापरलं होतं. तिचा कान कापसाने बंद केलेला, मान काळीनिळी. तिने पदर सारखा केला आणि डॉक्टरला हिंदीत म्हणाली, "साबुन था नीचे." डॉक्टरने आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि तसंच लिहून घेतलं.

 बाबा प्लास्टरमधला हात पोटाशी धरून खुर्चीत बसायचे, आई त्यांना भरवायची, मी आतल्या खोलीत काम करायची. पंधरा दिवसांनी असेल, ते माझ्या टेबलाशी आले. मी ताठ झाले. त्यांनी तुटलेल्या कोपऱ्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"चालून राहिला ना?"

"हो."

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले आणि निघून गेले. मला हसू फुटलं आणि मग ते थांबेना, आणि आई धावत आली तोपर्यंत मी रडत होते. मला हवा होता तो घेऊ दिला असता तर त्यांचं हाड वाचलं असतं.

नोकरी पक्की झाली. पहिल्या पगाराला मी त्याच दुकानात गेले आणि हप्त्यांवर प्रो मागितला. दुकानदाराने मला ओळखलं, त्याचे कान लाल झाले, आणि त्याने न मागता एक बॅग फुकट दिली. मी प्रो उचलून बघितला नाही की ठोकून बघितला नाही. भिलाईतच, स्मृती नगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एक आईची, एक माझी. आईच्या खोलीला सकाळचं ऊन यायचं. पलंग आणला, पडदे शिवून घेतले, आणि तिला न्यायला गेले.

ती तांदूळ निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जाय माय. मी नाई येत."

माझा पारा चढला. मी ओरडले. म्हटलं, "कावून? मार खायची सवय झाली का तुले?" इतकं वाईट मी तिला कधी बोलले नव्हते. सूप हिसकावून भिंतीवर फेकलं. तांदूळ खोलीभर झाले. ती दचकली आणि तिने डावा हात कानावर घेतला, बाबांसमोर घ्यायची तसाच. मी तिथेच खाली बसले. माझे हात मांडीखाली दाबून बसले.

तिने कानावरचा हात हळूच काढला. "आता हे हात नाई उचलत," ती म्हणाली. "मंग मी कावून घर सोडू? घर का त्यायच्या एकट्याचं आहे? मी बी तेवढेच वर्स राबली इथं." तिने तांदूळ गोळा करायला घेतले. मीही घेतले. सूप भरत आलं तेव्हा ती म्हणाली, "तुले तर आता नवा भेटला ना? थो काळा इथंच ठेवून जाय."

मी ठेवून आले.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, भिलाईबाहेर जामुलच्या रस्त्याला त्यांनी स्वतःचं घर बांधलं. तिथे धूळ फार. आई रोज सकाळी देव पुसते आणि मग फ्रिजवर ठेवलेला तो लॅपटॉप पुसते. फ्रिज बैठकीत आहे, बाबांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. त्यांचं मनगट वाकडं जुळलं. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात आणि टीव्ही बघतात. त्या दुपारनंतर त्यांनी आईला बोटही लावलेलं नाही. मीही कुणाला मारलेलं नाही. एक फोन भिंतीवर फोडला, एवढंच. मी एकटी राहते, आणि एकटी का राहते ते मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात घरी गेले तर लॅपटॉपचं झाकण नीट बसत नव्हतं. उलटा करून बघितला. बॅटरी फुगली होती. मी म्हटलं, "आई, हे पेट घेते कधी कधी. दे, मी दुकानात देऊन येते. बदल्यात काही बी भेटल. तसाही हा आता चालू होत नाई."

"मले कुठं चालू करायचा आहे," आई म्हणाली.

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी खालची खटकी सरकवून बॅटरी काढली आणि पिशवीत टाकली. आईने लॅपटॉप माझ्याकडून घेतला, दोन्ही तळव्यांवर धरला आणि जरा खालीवर केला. हलका झाला का ते ती बघत होती. मग म्हणाली, "चालते," आणि तो परत फ्रिजवर ठेवला.